आकाशमार्गे आलेले पाहुणे

विमानविद्येचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः दोन प्रकारच्या पराक्रमांची नोंद करतो: महासागर उल्लंघून जाणाऱ्या एकाकी वैमानिकांचे साहस आणि युद्धकाळात आकाशात झुंजलेल्या सैनिकांचे शौर्य. या दोहोंच्या तेजाने दिपलेल्या दृष्टीला त्याच इतिहासातील एक तिसरा, सौम्य आणि गृहस्थाश्रमी प्रवाह सहसा दिसत नाही. ज्यांच्यापाशी स्वतःचे अथवा आपल्या मंडळाच्या मालकीचे एखादे लहानसे विमान आहे अशा माणसांनी शनिवार-रविवारी एखादे गवताळ मैदान मुक्कामासाठी ठरवावे, चारी दिशांनी उडत तेथे यावे, परस्परांची विमाने कौतुकाने न्याहाळावीत, एका पंक्तीला जेवावे, रात्र तेथेच काढावी आणि दुसऱ्या दिवशी वारा अनुकूल पाहून आपापल्या गावी परतावे, हा तो प्रवाह होय. इंग्रजी भाषेच्या मुलखांत ‘फ्लाय-इन’ या नावाने रूढ झालेला हा रिवाज दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडात आकारास आला, अमेरिकेत त्याला विराट रूप लाभले आणि आपल्या जुहूच्या किनाऱ्यापर्यंत त्याची चाहूल येऊन पोहोचली. परंतु येथे तो रुजला नाही. तो का उपजला, कसा वाढला आणि आपल्या भूमीत का खुंटला, हे पाहू लागले की एक गोष्ट स्पष्ट होते. असा रिवाज केवळ यंत्राच्या बळावर उभा राहत नाही. सामान्य ऐपतीच्या आटोक्यातील विमान, प्रारंभी द्रव्यसाहाय्य करून पुढे नागरिकांवर विश्वास टाकणारे सरकार, आणि आपल्या मैदानाची फाटके पाहुण्यांसाठी खुली ठेवणारा यजमान, अशा तीन गोष्टींचा संगम जेथे होतो, तेथेच तो जन्मास येतो व टिकतो.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात विमाने होती, वैमानिकही होते. नव्हते ते खाजगी माणसाला परवडेल असे वाहन. युद्धातून शिल्लक राहिलेली विमाने इंधन भरमसाट खात आणि त्यांची निगा राखणे एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचे असे. यावर उपाय म्हणून १९२३ च्या ऑक्टोबरात केंट परगण्यातील लिम्प्ने येथे हलक्या विमानांच्या स्पर्धा भरविण्यात आल्या. तेथे ७५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या, म्हणजे मोटारसायकलीला शोभतील अशा इंजिनांवर उडणारी विमाने उतरली, आणि त्यांतील दोघांनी एका गॅलनमध्ये ८७.५ मैल अंतर कापून पारितोषिक वाटून घेतले. हिशेबाच्या वहीत हा आकडा फार देखणा दिसला. तथापि ही विमाने इतकी दुर्बळ होती की जरा जोराचा वारा समोरून आला म्हणजे ती जागच्या जागी घुटमळत आणि दुसरा माणूस बरोबर घेण्याचा विचारही त्यांना सोसवत नसे. पुढील वर्षीच्या स्पर्धेत दोन आसनांची अट आली, परंतु इंजिनाच्या आकारावरील मर्यादा सरकारी नियमांत कायम राहिली. जेफ्री डी हॅविलँड या विमानशिल्पकाराने त्या नियमांना अनुसरून विमान बांधण्याचे नाकारले, कारण काटकसरीच्या अतिरेकातून उपयुक्त वाहन निर्माण होणार नाही, असे त्याचे ठाम मत होते. आणि काळाने त्याचाच निवाडा खरा ठरविला.

डी हॅविलँडने जो मार्ग पत्करला तो व्यवहारचातुर्याचा नमुना म्हणावा असा आहे. युद्धानंतर आठ सिलिंडरांची रेनो इंजिने स्वस्तात विक्रीस आली होती. फ्रँक हॅलफर्ड या यंत्रज्ञाने त्याच जातीच्या इंजिनाचा निम्मा भाग घेऊन, चार सिलिंडरांचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ नावाचे इंजिन सिद्ध केले. त्या इंजिनाभोवती लाकूड आणि कापड यांचे जे दुपंखी विमान उभे राहिले, ते २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनच्या वायव्येस असलेल्या स्टॅग लेन येथील मैदानावरून खुद्द डी हॅविलँडने प्रथम उडविले. त्याला फुलपाखरांचा आणि पतंगांचा अभ्यासपूर्ण छंद होता, म्हणून त्याने या विमानास ‘मॉथ’ हे नाव दिले आणि पुढे जिप्सी मॉथ, पस मॉथ, लेपर्ड मॉथ, टायगर मॉथ असे एक कुलच्या कुल त्या नावाने विस्तारले. या विमानाचे पंख मागे दुमडून धडाला लगटून ठेवता येत. त्यामुळे ते मोटारीमागे बांधून रस्त्याने नेता येई आणि साध्या कोठीत ठेवता येई. त्याची किंमत प्रारंभी ८८५ पौंड होती आणि काही वर्षांत ती ६५० पौंडांच्या आसपास उतरली. पहिल्या उड्डाणाच्याच वर्षी, २९ मे रोजी, वैमानिक ॲलन कोभॅमने हे विमान क्रॉयडनहून झुरिकला नेऊन एका दिवसात परत आणले, तेव्हा या नाजूक दिसणाऱ्या यंत्राच्या सामर्थ्याविषयी कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

संगमातील पहिली धारा अशी वाहू लागली. दुसरी सरकारच्या दफ्तरातून आली. नागरी विमानखात्याचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांची अशी श्रद्धा होती की राष्ट्र आकाशाशी परिचित व्हावयाचे असेल, तर विमान हे थोड्या व्यावसायिकांच्या हाती राहून चालणार नाही. त्यांच्या पुढाकाराने १९२५ साली लंडन, लँकेशायर, न्यूकॅसल, मिडलंड आणि यॉर्कशायर अशा पाच मंडळांना मॉथ विमाने व द्रव्यसाहाय्य देण्याची योजना मंजूर झाली. सरकारचा हेतू उघड होता: पुढे कधी युद्धाचा प्रसंग ओढवला, तर उड्डाण जाणणारे तरुण हाताशी असावेत. परंतु लोकहितासाठी उघडलेल्या कोणत्याही तिजोरीचे भवितव्य तिच्यावरील मोहोर ठरवीत नाही. ज्यांच्या हाती ते द्रव्य जाते, त्यांच्या आवडी ते ठरवितात. जे धन सरकारने राखीव सैन्याच्या आशेने दिले, त्यातून मंडळांच्या सभासदांनी वैमानिक तर निर्माण केलेच, पण त्याबरोबर स्नेहाची एक संस्था उभी केली. ब्रँकर यांनी ही वाढ डोळ्यांनी पाहिली. पुढे ५ ऑक्टोबर १९३० रोजी, कराचीच्या वाटेवर निघालेले आर १०१ हे महाकाय वायुयान फ्रान्समध्ये कोसळले, तेव्हा त्या अपघातात त्यांचा अंत झाला.

मंडळांच्या जीवनाला आठवडाअखेरीचेच वळण का लागले, हे समजून घेण्यासारखे आहे. सभासदांतील बहुतेक जण सोमवारपासून आपल्या पेढ्यांवर, कचेऱ्यांत आणि कारखान्यांत गुंतलेले असत. शनिवारची दुपार आणि रविवार एवढाच काळ त्यांच्या मालकीचा होता. लंडनच्या मंडळात शिकावयास येणाऱ्यांत एका वकिली पेढीवर टंकलेखिकेचे काम करणारी, हल या बंदरगावाहून आलेली एमी जॉन्सन ही तरुणी होती. कामावरून सुटून स्टॅग लेनला यावे, हँगरात यंत्रज्ञांच्या हाताखाली हात काळे करावेत आणि हवा साधेल तेव्हा उडावे, असा तिचा क्रम असे. १९३० च्या मे महिन्यात याच मुलीने एक वापरलेले जिप्सी मॉथ घेऊन एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया गाठले. वाटेत इंधन सरत आल्यामुळे ती आपल्या झाशीच्या लष्करी मैदानावर उतरली होती. तिची कीर्ती जगभर झाली, परंतु तिला घडविणारी शाळा म्हणजे शनिवार-रविवारचे ते मैदान होय, ही गोष्ट तिच्या चरित्रातून वगळता येत नाही.

नवशिका वैमानिक आपल्या मैदानाभोवती घिरट्या घालण्यात पुरेसा पटाईत झाला म्हणजे त्याला दूरच्या उड्डाणाचा सराव करावा लागतो; नकाशा, होकायंत्र, लोहमार्ग, नद्या आणि चर्चचे मनोरे यांच्या आधारे वाट शोधण्याचे शिक्षण त्यावाचून पुरे होत नाही. या सरावासाठी एखादे गंतव्य स्थान हवे. ते स्थान म्हणजे दुसऱ्या मंडळाचे मैदान असले, तेथे इंधन मिळाले, बिघाड झालाच तर जाणता कारागीर भेटला, आणि वर चहाचा पेला व ओळखीचे हास्य लाभले, तर सरावाला भेटीचे रूप सहजच येते. मग आलेल्या भेटीची परतभेट करणे हे सौजन्याच्या शिरस्त्याप्रमाणे ओघाने आलेच. अमुक रविवारी यॉर्कशायरकडे, तमुक रविवारी हॅम्पशायरच्या किनाऱ्याकडे असा क्रम लागत गेला, त्याची पत्रके छापली जाऊ लागली आणि पाहता पाहता उन्हाळ्याच्या ऋतूला विमानभेटींचे एक पंचांगच प्राप्त झाले. विमानविद्येतील एक शैक्षणिक गरज अशा रीतीने सामाजिक रिवाजात परिणत झाली; ती कोणी योजून घडविली नाही, म्हणूनच ती टिकाऊ ठरली.

प्रारंभीच्या संमेलनांवर घोड्यांच्या शर्यतींची छाया होती. मैदानावर प्रेक्षकांची दाटी, पैजा, आणि खुंटांना वळसे घालत जमिनीलगत धावणारी विमाने, असा तो थाट असे; त्याची जबर किंमत मोजावी लागली. १९२७ च्या जून महिन्यात बोर्नमथच्या एन्सबरी पार्क येथील शर्यतीच्या मैदानावर दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि ओपनशॉ व लाँगटन हे दोन नामांकित वैमानिक मृत्युमुखी पडले. शर्यती पुढेही चालू राहिल्या, पण त्या निराळ्या मार्गाने गेल्या. ज्यांना विजयापेक्षा सहवास अधिक प्रिय होता, त्यांनी स्पर्धेचे स्वरूप सौम्य केले: ठरलेल्या रेषेच्या अधिकाधिक निकट विमान टेकविणे, पिठाची पुडी वरून नेमकी खुणेवर टाकणे, निघण्यापूर्वी सांगितलेल्या क्षणी अचूक येऊन पोहोचणे, अशा खेळांतून कौशल्याची परीक्षाही होई आणि कोणाचा जीव टांगणीला लागत नसे.

या काळातील सर्वांत गोड प्रथा म्हणजे न्याहारीची गस्त. एखादे मंडळ रविवारच्या सकाळी इतर मंडळांना निमंत्रण देई, परंतु त्या निमंत्रणास एक अट जोडलेली असे. यजमानांची विमाने पहाटेपासून आपल्या मैदानाभोवती टेहळणी करीत. पाहुण्याने ठरलेल्या वेळेच्या आत, आपल्या विमानावरील नोंदणीची अक्षरे त्यांना टिपू न देता, मैदानावर येऊन उतरावयाचे. ज्याला हे साधले त्याची न्याहारी यजमानाच्या खर्चाने; ज्याची अक्षरे टिपली गेली त्याने आपला खर्च आपण सोसावयाचा. मग कोणी उगवत्या सूर्याला पाठीशी घेऊन येई, कोणी ढगांच्या कडेने आडवाट धरी, कोणी कुंपणांच्या उंचीवरून नदीचे खोरे धरून येई, आणि शेवटी सर्वच जण एका मेजाभोवती बसून त्या सकाळच्या युक्त्यांची उजळणी करीत. दहा वर्षांच्या आतच यांच्यातील कित्येकांना हीच टेहळणी आणि हीच लपाछपी प्राण पणाला लावून करावी लागली, हे आज जाणून त्या न्याहारीकडे पाहिले म्हणजे तिच्यातील निरागसपणा अधिकच मूल्यवान वाटतो.

शेकडो पाहुणे वाटेल त्या दिशेने एका मैदानावर उतरावयाचे, तर त्यांच्यात शिस्त हवी. आणि त्या काळच्या लहान विमानांत बहुधा रेडिओ नसे. म्हणून खुणांची एक मूक भाषा तयार झाली. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी खांबावर फडफडत असे. जमिनीवर मांडलेले मोठे पांढरे ‘टी’ अक्षर उतरण्याची दिशा सांगे. तांबड्या चौकोनावरील पिवळी फुली दिसली तर उतरण्यास मनाई समजावयाची. हिरव्या दिव्याचा स्थिर झोत आला तर उतरण्याची मुभा. उतरल्यावर वैमानिकाने आधी नोंदवहीत आपले व विमानाचे नाव लिहावे, मग विमान वाऱ्याकडे तोंड करून दोरखंडांनी जमिनीतील मेखांना जखडावे, दुसऱ्याच्या विमानाला परवानगीवाचून हात लावू नये, आणि आपल्या पंख्याचा झोत कोणाच्या तंबूवर जाणार नाही याची दक्षता घ्यावी, असे कायदे लिखित-अलिखित स्वरूपात सर्वांनी मानले. आपल्याकडे जत्रेला आलेला गाडीवान बैल सोडून गाडीखालीच अंथरूण पसरतो, तसेच हे वैमानिक पंखाखाली राहुटी ठोकून निजत. वाहनापासून दूर न जाता त्याच्या छायेतच वस्ती करण्यात जो आपलेपणा असतो, तो दोन्हीकडे एकाच जातीचा आहे.

हे सर्व सुख समाजाच्या सर्व थरांना सारखेच उपलब्ध होते, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. विमान विकत घेणारे बहुधा सधन असत. बेडफर्डच्या डचेस मेरी यांनी आपल्या वोबर्न येथील विस्तीर्ण उपवनातच धावपट्टी तयार करविली होती. कानांत अखंड घुमणाऱ्या नादाने त्या त्रस्त असत आणि आकाशात उंच गेल्यावर त्यांना त्यापासून आराम पडे. साठी उलटल्यावर त्या विमान चालविण्यास शिकल्या. १९२९ च्या ऑगस्टमध्ये वैमानिक बार्नार्ड यांच्यासमवेत इंग्लंडहून कराचीला जाऊन आठ दिवसांत परतल्या. आणि १९३७ च्या मार्चमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, एकट्याच उड्डाणास निघालेल्या असताना हिमवर्षावात कायमच्या दिसेनाशा झाल्या. एकीकडे अशी उमराव घराण्यातील स्त्री आणि दुसरीकडे एमी जॉन्सनसारखी पगारावर राहणारी मुलगी. त्या काळच्या इंग्लंडात या दोघी एका दिवाणखान्यात समान पातळीवर सहसा बसल्या नसत्या. परंतु मैदानावर उतरणे साधले की नाही, एवढीच कसोटी जेथे चालते, तेथे कुळाचा प्रश्न मागे पडतो. मंडळांनी भेदाभेद नाहीसे केले नाहीत. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस ते बाजूला ठेवण्याची सवय लावली, आणि सामाजिक सुधारणेच्या इतिहासात अशा सवयींचे मोल थोडे नसते.

१९३५ पासून १९३९ पर्यंत रॉयल एअरोनॉटिकल सोसायटीचा वार्षिक उद्यानसमारंभ हार्मंड्सवर्थ येथील ग्रेट वेस्ट मैदानावर होत असे. हिरवळीवर तंबू, वाद्यवृंद, चहापान, आणि आकाशातून येणाऱ्या लहानमोठ्या विमानांचे प्रदर्शन, असा तो सोहळा. आज त्याच भूमीवर हीथ्रोचा विमानतळ पसरला आहे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले, खाजगी उड्डाणे बंद झाली, आणि मंडळांची व व्यक्तींची विमाने सरकारने ताब्यात घेतली. जे आठवडाअखेरीच्या भेटींत नकाशे वाचावयास शिकले होते, त्यांच्यापैकी कित्येक जण कारखान्यांतून लढाऊ विमाने तळांवर पोहोचविणाऱ्या ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी’ या सेवेत रुजू झाले. एमी जॉन्सन त्याच कामावर असताना ५ जानेवारी १९४१ रोजी टेम्सच्या मुखाशी मरण पावली. ब्रँकर यांच्या खात्याने केलेल्या खर्चाची फेड झाली, ती अशा रीतीने. पण त्या फेडीत जी माणसे खर्ची पडली, त्यांनी मुळात युद्धासाठी पंख धरले नव्हते, हे विसरता कामा नये.

खाजगी उड्डाणांवरील बंदी १ जानेवारी १९४६ रोजी उठली आणि त्याच वर्षी अल्प खर्चाच्या उड्डाणाचा पुरस्कार करणारी ‘अल्ट्रा लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन झाली; पुढे ती ‘पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन’ आणि आता ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ या नावाने नांदत आहे. युद्धात हजारो वैमानिकांना शिकविणारी टायगर मॉथ विमाने आता सरकारी भांडारांतून स्वस्तात विकली जाऊ लागली आणि निर्वाहासाठी दुसरे उद्योग करणाऱ्या माणसांच्या हाती पुन्हा पंख आले. १९७५ साली स्थापन झालेल्या डी हॅविलँड मॉथ क्लबने वर्षानुवर्षे आपला मेळावा वोबर्नच्या त्याच उपवनात भरविला. हरणांच्या कळपांतून वाट काढीत, उताराच्या गवतावर, अर्धशतकाहून जुनी विमाने एकामागून एक उतरत आणि त्यांचे मालक दोन दिवस तेथे राहत. विमान जितके जुने, तितकी त्याच्या मालकाला इतरांची गरज अधिक. एखादा दुर्मिळ सुटा भाग, कापडाला लावावयाच्या रोगणाची कृती, एखाद्या आडमुठ्या कार्ब्युरेटरचा स्वभाव, हे ज्ञान पुस्तकांत मिळत नाही, ते पंखाखालील गप्पांतच मिळते. मेळावा ही अशा मालकांची कार्यशाळा आणि स्मरणसंस्थाही असते.

अमेरिकेत हाच रिवाज निराळ्या मातीत वाढला. तेथे अंतरे अफाट, मैदाने विपुल आणि खेडुतांची आतिथ्यवृत्ती सढळ. तेथील गावोगावच्या धावपट्ट्यांवर रविवारच्या न्याहारीसाठी विमाने उतरवण्याची चाल दृढ झाली, आणि १९३८ मध्ये सुरू झालेला दक्षिण कॅरोलायनाचा ‘ब्रेकफास्ट क्लब’ ती चाल एका रविवारआड अजून पाळतो. १९५३ च्या जानेवारीत मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांचे एक मंडळ स्थापन केले. त्याचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून, पत्नी ऑड्री यांच्या साहाय्याने चाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील पहिल्या मेळाव्याला दीडशेही माणसे नव्हती. १९५९ मध्ये हा मेळावा रॉकफर्ड येथे आणि १९७० मध्ये विस्कॉन्सिनमधील ओशकोश येथे गेला. आज तेथे जुलैच्या अखेरीस दहा हजारांच्या घरात विमाने आणि सहा लाखांवर माणसे जमतात. फिस्क नावाच्या खेड्याजवळ नियंत्रक जमिनीवर उभे राहून दुर्बिणीने विमाने ओळखतात. वैमानिक अर्ध्या मैलाच्या अंतराने, ९० नॉटच्या गतीने, लोहमार्गावरून एका रांगेत येतात, रेडिओवर एक शब्दही न बोलता पंख हलवून होकार देतात, आणि धावपट्टीवरील रंगीत ठिपक्यांपैकी सांगितलेल्या ठिपक्यावर विमान टेकवतात. न्याहारीच्या गस्तीतील ते सौजन्य आणि ती शिस्त येथे सहस्रपट झाली आहे; एवढ्या समुदायाला सांभाळणारे बहुतेक हात अजूनही स्वयंसेवकांचेच आहेत.

आता आपल्या भूमीकडे वळू. ब्रँकर १९२४ च्या अखेरीस कोभॅमबरोबर विमानानेच हिंदुस्थानात येऊन गेले होते. इंग्लंडातील मंडळांचा नमुना येथेही गिरविला गेला आणि दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथे सरकारी साहाय्याने मॉथ विमानांची मंडळे उभी राहिली. मुंबईच्या मंडळाचे मैदान जुहूला. तेथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी एक क्रमांकाचा परवाना मिळाला. पुढील वर्षी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेविले, जे. आर. डी. कराचीहून निघाले होते आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून येत होते. मिसरमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा ॲस्पींना इंजिनाच्या प्लगची अडचण होती, जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्यांना देऊन टाकले आणि अखेर थोडक्या अंतराने पारितोषिक ॲस्पींना मिळाले. पुढे ते भारताचे वायुसेनाप्रमुख झाले. मैदानावरील बंधुभावाचा याहून सुंदर दाखला इंग्लंड-अमेरिकेच्या इतिहासातही विरळाच सापडेल.

१९३२ पासून दिल्लीला व्हाइसरॉय चषकाच्या हवाई शर्यतीसाठी निरनिराळ्या प्रांतांतून विमाने येऊ लागली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डीं.नी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, तेही पस मॉथ या मुळात खाजगी प्रवाशांसाठी बांधलेल्या विमानातून. पावसाळ्यात भरतीचे पाणी जुहूच्या मैदानावर चढे, तेव्हा हा सारा कारभार, दोन विमाने आणि मूठभर माणसे घेऊन, पुण्यास येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर मुक्काम हलवी. म्हणजे यंत्र होते, माणसे होती, सौजन्य होते, आणि मुंबई-पुण्याच्या दरम्यान हवाई ये-जाही होती. तरीसुद्धा शनिवार-रविवारच्या भेटींचा रिवाज येथे का उभा राहिला नाही?

त्याची कारणे मला तीन दिसतात. एक तर आपली मंडळे परस्परांपासून फार दूर होती. लंडनहून निघालेला मॉथ तासा-दोन तासांत दुसऱ्या मंडळाच्या चहाला पोहोचे, पण जुहूहून कराची किंवा दिल्ली गाठणे ही मोठी मोहीमच असे, आणि वर्षाचे चार महिने पर्जन्याच्या हवाली करावे लागत. दुसरे असे की, विमान बाळगू शकणारा मध्यम ऐपतीचा वर्ग येथे जवळजवळ नव्हता. संस्थानिक आणि कोट्यधीश यांच्या हौशीतून सोहळे होतात, रिवाज होत नाहीत. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. सरकारने, आधी परकीय आणि नंतर स्वकीय, या मंडळांकडे केवळ वैमानिक घडविणाऱ्या शाळा म्हणून पाहिले. त्या शाळांनी देशाला उत्तम वैमानिक दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु विद्यार्थी परवाना घेऊन नोकरीवर गेला की मैदानाशी त्याचा संबंध संपे. इंग्रज सरकारने आपल्या देशात द्रव्य देऊन पुढे सभासदांना मोकळीक दिली, तशी मोकळीक येथे कधीच मिळाली नाही. आजही एका लहान विमानाने या गावाहून त्या गावी जावयाचे तर उड्डाणाचा आराखडा दाखल करून हवाई संरक्षण यंत्रणेकडून मंजुरीचा क्रमांक मिळवावा लागतो. सीमावर्ती राष्ट्राला सावधगिरी आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. मात्र सावधगिरी आणि अविश्वास यांतील सीमारेषा दफ्तरांत सहज पुसली जाते.

परिस्थिती आता पूर्वीइतकी प्रतिकूल राहिलेली नाही. बारामती, धुळे, कऱ्हाड, लातूर, यवतमाळ येथे धावपट्ट्या आहेत. त्यांतील काहींवर उड्डाणाचे शिक्षणही चालते, आणि त्यांच्यातील अंतरे हलक्या विमानाला एका सकाळी कापता येण्याजोगी आहेत. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दख्खनच्या पठारावरील हवेची स्वच्छता इंग्लंडच्या वैमानिकांना हेवा वाटावा अशी असते. आतिथ्य तर आपल्याला कोणाकडून शिकावे लागत नाही. ज्या सरकारांनी या धावपट्ट्यांवर लोकांचे द्रव्य वेचले, त्यांनी वर्षातून एखादा शनिवार-रविवार तेथील फाटके उघडी ठेवावीत, परवान्यांची कामे त्या दोन दिवसांपुरती एका खिडकीवर आणावीत, आणि आसपासच्या शाळांतील मुलांना विमानाच्या पंखाला हात लावून पाहू द्यावे. एवढे केल्याने ओशकोश निर्माण होणार नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. पोबेरेझ्नींच्या पहिल्या मेळाव्याला दीडशेही माणसे नव्हती. स्टॅग लेनच्या मंडळापाशी प्रारंभी मोजकीच विमाने होती. दोन्ही ठिकाणी संख्येच्या आधी निमंत्रण आले होते. आपल्याकडे यंत्र येऊन जवळजवळ एक शतक लोटले. निमंत्रण तेवढे द्यावयाचे राहिले आहे, आणि ते देण्याचा अधिकार व कर्तव्य आपल्याच हाती आहे.